एप्रिलची जत्रा मेमध्ये का भरते? दक्षिण स्पेनचा वसंत, समजून घेऊन

२०२५ साली सेव्हिया शहरातली ‘फेरिया दे आब्रिल’, म्हणजे शब्दशः एप्रिलची जत्रा, ६ मेला सुरू झाली आणि ११ मेला संपली. एप्रिलचा एकही दिवस तिच्या वाट्याला आला नाही. त्याच्या आदल्या वर्षी ती १४ एप्रिलला होती आणि २०२६ साठी तारीख ठरली २१ एप्रिल. (नकाशावर सेव्हिल दिसतं ते हेच गाव. तिथले लोक सेव्हिया म्हणतात, आपणही तेच म्हणू.)

सहल आखणाऱ्याला हा प्रकार वैताग आणतो. यादीत लिहिलेलं असतं ‘वसंतातले सण, मार्च ते जून’ आणि पोचावं तर जत्रा कालच उठलेली. पण हा गोंधळ वरवरचा आहे. दक्षिण स्पेनला, म्हणजे आंदालुसिया प्रांताला, वसंतात एकाच वेळी तीन पंचांगं लागू असतात. एक चंद्राचं, एक भिंतीवरच्या कॅलेंडरचं आणि एक समुद्राचं. ताटात काय येणार हेही त्यांवरच ठरतं.

सगळ्याची दोरी चंद्राच्या हातात

चंद्राचं पंचांग ईस्टरवर चालतं. ख्रिस्ती जगाने ईस्टर एकाच रविवारी पाळावा असं ३२५ साली निकायाच्या धर्मसभेने ठरवलं आणि पुढे नियम रुळला तो असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरच्या रविवारी ईस्टर. ही पौर्णिमा चर्चच्या तक्त्यातली असते, त्यामुळे आकाशातल्या पौर्णिमेशी एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. एकूण ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो.

दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते हे ज्यांच्या अंगवळणी पडलंय, त्यांना हे वेगळं समजवायला नको. गंमत म्हणजे चंद्रही तोच. २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला आला, तो आपल्या होळीच्या पौर्णिमेमागून. २०२५ साली २० एप्रिलला आणि २०२६ साली ५ एप्रिलला, तो हनुमान जयंतीच्या पौर्णिमेमागून. मराठी माणसाने स्पेनची सहल आखताना घरातलं कालनिर्णय उघडलं तरी अंदाज बांधता येईल.

ईस्टर ही खुंटी. तिच्या आधीचा आठवडा ‘सेमाना सान्ता’, म्हणजे पवित्र आठवडा. तिच्यानंतर दोन आठवडे सोडले की सेव्हियाची जत्रा. आणि तिच्यापासून ४९ दिवसांनी येणाऱ्या पेन्टेकॉस्टच्या रविवारी एल रोसिओ गावची मेरीमातेची यात्रा. खुंटी सरकली की सगळं सरकतं. २०२५ साली ती उशिराकडे सरकली, म्हणून एप्रिलची जत्रा मेमध्ये गेली आणि नाव मात्र तेच राहिलं.

ते टोकदार टोप्यांचे लोक कोण?

सेमाना सान्ताचे फोटो पाहून पुष्कळांना धक्का बसतो. डोळ्यांपुरती भोकं असलेले बुरखे, डोक्यावर हातभर उंच टोकदार टोप्या, हातात मेणबत्त्या आणि रात्रभर चालणारी रांग. अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्या क्लू क्लक्स क्लॅनशी याचा काही संबंध? नाही. ती संघटना १८६५ सालची, हा वेश तिच्या कित्येक शतकं आधीचा. यात तोंड झाकायचं कारण प्रायश्चित्त. पाप कोणाचं हे देवाला ठाऊक असलं की पुरे, शेजाऱ्याला कळायची गरज नाही.

या मिरवणुका काढणाऱ्या संस्थेला ‘एर्मान्दाद’ म्हणतात. अर्थ बंधुमंडळ, आणि आपण नुसतं मंडळ म्हटलं तरी चालेल, कारण रचना ओळखीची आहे. पेठेपेठेचं मंडळ, त्याची स्वतःची मूर्ती, स्वतःचा रंग, वर्षभराची वर्गणी आणि शेजारच्या मंडळाशी पिढ्यान् पिढ्यांची चुरस. सेव्हियात पवित्र आठवड्यात मिरवणूक काढणारी अशी साठाहून जास्त मंडळं आहेत. गुरुवार आणि शुक्रवारच्या मधली रात्र सर्वांत मोठी, तिला ‘मादृगा’ म्हणतात. त्या रात्री माकारेना, त्रियानाची एस्पेरान्सा अशा मेरीमातेच्या लाडक्या मूर्ती निघतात आणि शहर झोपत नाही.

मूर्तीचा देव्हारा एक टनाहून जड असतो. सेव्हियात तो बाहेरून खांद्यावर घेत नाहीत. पडद्याआड, देव्हाऱ्याच्या पोटात, माणसं रांगेने उभी राहतात आणि मानेच्या मणक्यावर वजन घेतात. त्यांना समोरचं काही दिसत नाही. बाहेर उभा असलेला मुकादम धातूचा ठोका वाजवतो, आत सगळे एकदम उसळतात आणि टनभर लाकूड-चांदी हवेत उडाल्यासारखी वर येते. या क्षणाला ‘लेवान्ता’ म्हणतात. उचल. शब्द लक्षात ठेवा, पुढे समुद्रावर तो पुन्हा भेटणार आहे.

पाऊस आला तर? तर मंडळ मिरवणूक रद्द करतं. शेकडो वर्षांचं लाकूडकाम आणि जरतारी भिजवायची नसते. वर्षभर तयारी केलेली दांडगी माणसं चर्चच्या दारात ढसाढसा रडताना दिसतात, आणि तेही सेमाना सान्ताचंच दृश्य आहे.

खाण्याचं काय? ईस्टरआधीचे ४० दिवस उपवासाचे, निदान शुक्रवारी तरी मांस वर्ज्य. म्हणून या दिवसांत खारवलेला कॉड मासा, पालक-चणे आणि ‘तोर्रिखा’. शिळ्या पावाचा जाड काप दुधात किंवा वाइनमध्ये भिजवायचा, अंड्यात बुडवून ऑलिव्ह तेलात तळायचा आणि वरून मध किंवा दालचिनी-साखर. उपवासाच्या नावाखाली गोडाधोडाची चैन करायची कला आपल्यालाच अवगत आहे असं वाटत असेल, तर साबुदाणा खाणाऱ्यांनी एक तोर्रिखा खाऊन पाहावी.

जत्रेत आत घेत नाहीत म्हणे?

सेव्हियाच्या जत्रेबद्दल परदेशी पाहुण्यांची सगळ्यांत मोठी तक्रार हीच, आणि ती खरी आहे.

जत्रा मुळात गुरांचा बाजार होती. १८४६ साली नगरपालिकेच्या दोन सदस्यांनी ती सुचवली आणि १८४७ च्या एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा भरली. आंदालुसियाचा प्राण मानल्या जाणाऱ्या या जत्रेचे दोघेही जनक बाहेरगावचे होते. खोसे मारिया इबार्रा बास्क आणि नार्सिसो बोनाप्लाता कातालान. बाजाराला येणाऱ्या व्यापाऱ्यांनी सावलीला तंबू ठोकले, तंबूत सौदे झाले, सौद्याबरोबर पेला आला, पेल्याबरोबर गाणं. हळूहळू गुरं गेली आणि तंबू राहिले. १९७३ पासून नदीपलीकडच्या लोस रेमेदिओस भागात त्यांचं आख्खं कापडी गाव वसतं. पट्ट्यापट्ट्यांचे हजाराहून जास्त मांडव. मांडवाला ‘कासेता’ म्हणतात.

हे कासेता बहुतांशी खासगी असतात. कुटुंबांचे, मित्रमंडळींचे, कंपन्यांचे, आणि नवा मांडव मिळायला वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. एका मैदानावर हजार लग्नं लागली आहेत अशी कल्पना करा. रस्त्यावरून मिरायला, घोडागाड्या आणि झालरींचे ठिपकेदार झगे पाहायला कोणाची आडकाठी नाही. पण पंगतीत बसायचं तर वरपक्षात किंवा वधूपक्षात कोणीतरी ओळखीचं हवं. ओळख नसेल तर शहराच्या विभागांचे, कामगार संघटनांचे, राजकीय पक्षांचे काही मांडव सगळ्यांना खुले असतात. तिथे गर्दी होते, पण सेव्हियाना नाच तोच आणि तळलेले मासेही तेच.

मला विचाराल तर ज्याला नुसती जत्रा हवी आहे त्याने सेव्हियाचा हट्ट सोडून मेमध्ये हेरेसला जावं. तिथल्या घोड्यांच्या जत्रेत बहुतेक मांडवांचं दार उघडं असतं. घोडे तर तिथले जगात नावाजलेले, आणि पेल्यातली वाइन गावचीच.

त्या वाइनबद्दल थोडं. इंग्रजांनी जिला शेरी म्हटलं ती हेरेसची वाइन, अरबी आमदानीत या गावाचं नाव शेरिश होतं. पिंपात ती मुरत असताना तिच्यावर यीस्टची पांढुरकी साय धरते. दुधाची साय धरते तशीच, फक्त ही जिवंत असते, वसंतात आणि शरदात जोमाने वाढते आणि खालच्या वाइनला हवा लागू देत नाही. शिवाय जुन्या पिंपातली थोडी वाइन काढली की तिथे त्याहून नव्या पिंपातली भरतात, पिंप कधी रितं होत नाही. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला, तसा हा हिशोब. शेजारच्या सानलूकर गावात समुद्राच्या दमट हवेत मुरलेल्या अशा वाइनला ‘मान्सानिया’ म्हणतात. ती लिंबू-सोड्यात बर्फ घालून मिसळली की झालं ‘रेबुहितो’, जत्रेचं पेय. सरबतासारखं उतरतं आणि चौथ्या पेल्याला हिशोब चुकतो, एवढं सांगून ठेवतो. आणि कॅफेत बसून मान्सानिया मागितलीत तर कॅमोमाइलचा काढा येईल. शब्द एकच आहे.

सगळेच सण चंद्रावर नाचत नाहीत

कॉर्दोबा शहर मेमध्ये भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे चालतं. महिन्याच्या सुरुवातीला चौकाचौकांत फुलांचे क्रूस उभे राहतात आणि पाठोपाठ, साधारण पहिल्या पंधरवड्यात, अंगणांचा उत्सव. स्पर्धा १९२१ पासूनची, आणि २०१२ साली युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

ही अंगणं म्हणजे वाड्यातला चौक. रस्त्याकडे पाठ, मधोमध उघडं आभाळ, कडेला खोल्या, मध्ये विहीर किंवा कारंजं. उन्हाने होरपळणाऱ्या गावात घर थंड ठेवायची ही रीत रोमनांनी वापरली आणि अरबांनी जोपासली. भिंतींना जमिनीपासून छपरापर्यंत जिरेनियमच्या कुंड्या टांगलेल्या. वरच्या कुंडीला पाणी कसं घालतात? लांब वेताच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधून, एकेका कुंडीला, रोज. स्पर्धेतली अंगणं पाहायला तिकीट नसतं. पण ती माणसांची राहती घरं आहेत. सान बासिलिओच्या गल्लीत एखाद्या आजी दारात खुर्ची टाकून बसलेल्या असतात, त्यांना ‘बुएनोस दियास’ म्हटल्याशिवाय आत शिरणं बरं दिसत नाही.

याच दिवसांत कॉर्दोबाच्या चौकांत गोगलगाईंच्या टपऱ्या असतात. पुदिन्याच्या वासाच्या रश्शात शिजवलेल्या, पेल्यात भरून, दातकोरणीने काढून खायच्या. मोसम संपला की टपऱ्याही गेल्या. ज्यांना ही कल्पना झेपत नाही त्यांच्यासाठी ‘साल्मोरेहो’ आहे: टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वाटून केलेलं थंड, दाट सार.

दुपारी तीनला जेवण, रात्री दहाला पुन्हा. यांना भूक नाही का?

भूक वेळेवरच लागते, घड्याळ चुकीचं आहे.

नकाशावर स्पेन इंग्लंडच्या खाली येतो, तेव्हा वेळ लंडनची हवी. पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने घड्याळं तासभर पुढे केली, जर्मनीच्या वेळेला जुळवून. महायुद्ध संपलं, घड्याळं मागे आली नाहीत. त्यात उन्हाळी वेळेचा आणखी एक तास. परिणाम असा की मेमध्ये सेव्हियात सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात सव्वादोन वाजून गेल्यावर. मुंबईत तो साडेबाराच्या सुमारास येतो. म्हणजे अडीचला जेवायला बसणारा सेव्हियाकर सूर्याच्या हिशोबाने बाराच्या ठोक्यालाच बसलाय. मावळतीही तशीच सव्वानऊच्या आसपास. संध्याकाळी सात वाजता भुकेले होऊन बंद स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिलात, तर दोष त्यांचा नाही.

मधली भूक ‘तापा’ भागवतो. तापा म्हणजे पेल्यासोबत येणारी छोटी बशी, अनेकवचनी तापास. कोणत्याही पदार्थाचा तापा होऊ शकतो, कारण हे पदार्थाचं नाव नसून मापाचं नाव आहे. त्याहून मोठी अर्धी थाळी आणि त्याहून मोठी पूर्ण. ग्रानादात पेल्यामागे तापा फुकट येतो, सेव्हियात पैसे पडतात. आणि एका जागी बसून पाच तापा मागवणं ही पाहुण्यांची खूण. तिथला माणूस एका बारमध्ये एक पेला, एक बशी संपवतो, उभ्याउभ्याच, आणि पुढच्या बारकडे निघतो.

खाण्याची वाट आणि समुद्राचं पंचांग

या भटकण्यालाच शिस्त लावली की तिची ‘रूता’ होते. रूता म्हणजे वाट. गावातले वीस-तीस बार ठरवून एका मोसमी पदार्थाचा एकेक नवा तापा करतात. पाहुण्याने या बारमधून त्या बारमध्ये हिंडायचं, खायचं आणि आवडलेल्याला मत द्यायचं. दहीहंडीचं पथक या चौकातून त्या चौकात फिरतं, तसं कुटुंबच्या कुटुंब फिरताना दिसतं. फक्त इथे थर पोटात लागतात.

यातली सर्वांत खरी वाट कादिस जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मेमध्ये सापडते: ट्यूनाची. इथलं पंचांग चर्चला विचारत नाही. अटलांटिकमधला निळ्या परांचा ट्यूना, आपल्याकडच्या कुप्याचा थोरला भाऊबंद, अंडी घालायला भूमध्य समुद्राकडे निघतो आणि एप्रिल ते जूनमध्ये जिब्राल्टरच्या चिंचोळ्या वाटेने जातो. महिनोन् महिने खाऊन लठ्ठ झालेला, अंगात चरबी भरलेला. एकेक मासा दोनशे किलोच्या घरात.

कोनिल, बार्बाते, साआरा आणि तारिफा या चार गावांचे कोळी या वाटेवर जाळ्यांचा भुलभुलैया रोवतात, त्याला ‘आल्माद्राबा’ म्हणतात. वसईकडे बोंबलासाठी रोवलेलं डोल जाळं आठवा. जाळं जागच्या जागी उभं, मासा आपल्या पायांनी येतो. हे तसंच, फक्त अवाढव्य आणि खोल्याखोल्यांचं. फिनिशियन लोकांपासून, म्हणजे तीन हजार वर्षांच्या आसपास, ही रीत चालत आली आहे. जवळच बोलोनियाच्या पुळणीवर रोमनांच्या बाएलो क्लाउदिया गावाचे अवशेष आहेत, तिथे मासे खारवायचे दगडी हौद आजही दिसतात.

शेवटच्या खोलीत मासे जमले की होड्या चारी बाजूंनी कडं करतात आणि माणसं जाळं वर ओढतात. त्या क्षणाचं नाव लेवान्ता. चर्चच्या दारात देव्हारा उचलतात तोच शब्द.

मग गावातल्या बारमध्ये ट्यूना भागाभागाने येतो. पोटाची पेटी वेगळी, मानेचा भाग वेगळा, डोक्याचा वेगळा. मासा कापण्याला ‘रोंकेओ’, म्हणजे घोरणं, असं नाव आहे, कारण सुरी मणक्यावरून जाताना घोरल्यासारखा आवाज येतो. वाळवलेल्या ट्यूनाचे पातळ काप, ‘मोखामा’, ज्याने सुकं बोंबील खाल्लं आहे त्याला परके वाटणार नाहीत.

संपत चाललेला मासा खायचा का, असा प्रश्न इथे येतो आणि तो योग्य आहे. या शतकाच्या सुरुवातीला हा ट्यूना खरोखरच धोक्यात होता. आंतरराष्ट्रीय कोटा कडक झाला, आणि २०२१ साली निसर्ग संवर्धनाच्या जागतिक यादीत तो ‘धोक्यातील’ वर्गातून ‘कमी चिंतेच्या’ वर्गात आला. आल्माद्राबालाही कोटा लागू आहे. वसंतातल्या दुसऱ्या लाडक्या मेव्याबद्दल मात्र मी इतक्या निर्धास्तपणे बोलणार नाही. स्पेनची बहुतेक स्ट्रॉबेरी वेल्वा जिल्ह्यात पिकते, आणि तिथल्या विहिरी शेजारच्या दोन्याना अभयारण्याच्या पाणथळीचं पाणी ओढतात, यावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहे.

शाकाहाऱ्याने काय खायचं?

आधी एक सावधगिरी. ‘मांस नको’ म्हटलं की होकार येतो आणि वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरलेली बशीही येते. खामोन, म्हणजे खारवून सुकवलेली डुकराची मांडी, हिला अनेक स्वयंपाकी मांस न मानता मसाल्यासारखं वापरतात. म्हणून स्पष्ट म्हणायचं, ‘सिन खामोन, सिन आतून’. खामोन नको, ट्यूना नको. साल्मोरेहोसाठी तर नक्की, कारण त्यावर खामोन आणि उकडलेलं अंडं भुरभुरतात.

हे जमलं की उपास घडत नाही. सेव्हियाचं पालक-चणे हे जिरं, लसूण आणि तळलेल्या पावाच्या वाटणातलं. फोडणी नसली तरी पहिल्या घासाला माहेर आठवावं असं. वांग्याचे तळलेले काप उसाच्या काकवीत बुडवून. रानातला बारीक शतावरीसारखा आस्पारागस फक्त याच दिवसांत. पालक, वांगं, ऊस हे सारं अरबांनी या मातीत रुजवलं, आणि त्यांनीच आणलेली कडू संत्र्याची झाडं सेव्हियाच्या रस्तोरस्ती उभी आहेत. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या फुलांचा वास आख्ख्या शहरावर असतो. स्पॅनिशमध्ये संत्र्याला ‘नारांखा’ म्हणतात. संस्कृतातला नारंग फारसी, अरबी अशी घरं करत तिथे पोचला.

मग जायचं कधी?

मिरवणुका आणि संत्र्याची फुलं हवी असतील तर ईस्टरचा आठवडा. राहण्याचे दर तेव्हा आणि जत्रेत दोन्ही वेळा भडकतात. मुक्काम कॉर्दोबात ठेवून वेगवान रेल्वेने पाऊण तासात सेव्हिया गाठणं हा साधा तोडगा आहे. मात्र मेअखेर ऊन ३५ अंशांकडे जायला लागतं.

माझं मत मेच्या दुसऱ्या आठवड्याला. उदाहरणार्थ २०२७ घ्या. ईस्टर २८ मार्चला, म्हणजे ४९ दिवस मोजले की पेन्टेकॉस्ट १६ मे. कॉर्दोबाची अंगणं त्याच पंधरवड्यात, ट्यूना तर समुद्रात आहेच. तिन्ही पंचांगं त्या वर्षी एकमेकांना भिडतात. आणि त्या शनिवारी-रविवारी दोन्यानाच्या कडेला, वाळूचे रस्ते असलेल्या एल रोसिओ गावात, बैलगाड्या आणि घोड्यांवरून, पायी, धूळ खात आलेले लाखो लोक जमतात. सोमवारी पहाटे केव्हातरी, वेळ कोणी सांगत नाही, आल्मोन्ते गावची पोरं चर्चमधला कठडा ओलांडून उड्या टाकतात आणि माऊलीला, म्हणजे मेरीमातेच्या मूर्तीला, खांद्यावर घेऊन बाहेर पडतात.